फुकट मिळालेलं आणि फुकट घेतलेलं

(वज्रेश्वरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय कळला तेव्हा एका तरुण मित्राने आम्हाला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस केबलच्या चोरीवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण केबलला हळूच तार जोडणारा माणूस एक वाक्य नेहमी बोलतो : "ह्यात कोणाचं काय जातं?" हा तत्त्वज्ञानातलाच प्रश्न आहे. तो माणूस उत्तरासाठी थांबत नाही, एवढंच. आपण आज तासभर थांबू या.

सुरुवात इथूनच करू. सकाळी आपल्यापैकी काही जण कुंडावर जाऊन आले असतील. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, ह्या सगळ्या पट्ट्यात तानसा नदीच्या काठाने गरम पाण्याचे झरे आहेत. ते पाणी कोणी तापवलं नाही, त्याचं बिल कोणी पाठवत नाही. आपण पाय सोडून बसलो तर शेजारच्याच्या वाट्याचं ऊन पाणी थंड होत नाही. हे खऱ्या अर्थाने फुकट मिळालेलं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आता त्याच कुंडात एकाने साबण लावला. काय बिघडलं? फारसं काही नाही. शंभर जणांनी लावला तर? संध्याकाळी ते पाणी कोणी उपसायचं, काठ कोणी घासायचा? म्हणजे ऊब फुकट असली तरी स्वच्छता फुकट नसते. ती कोणीतरी कष्ट करून राखतो. आजच्या विषयाचं मूळ ह्या दोन गोष्टींच्या फरकात आहे.

हौदातलं दूध

बिरबलाची एक गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. रात्री प्रत्येकाने हौदात एकेक घागर दूध ओतायचं, असा हुकूम निघाला. प्रत्येकाने विचार केला, एवढ्या दुधात माझी एक घागर पाणी कोणाला कळणार? सकाळी हौद पाण्याने भरलेला. ह्या गोष्टीत कोणी दरोडेखोर नाही. सगळी आपल्यासारखीच हिशेबी माणसं आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब, एकट्यापुरता पाहिला तर, बरोबर आहे. हजार घागरींत एक घागर पाणी खरंच कळत नाही. चूक हिशेबात नाही. तोच हिशेब सगळे करणार आहेत, हे न पाहण्यात आहे.

डेव्हिड ह्यूम ह्या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७४० साली हेच वेगळ्या दाखल्याने सांगितलं. दोन शेजाऱ्यांच्या सामाईक कुरणात पाणी साचलं असेल तर ते दोघे मिळून चर खणतील. एकाने अंग काढलं तर काम बुडेल, हे दोघांनाही दिसतं. पण हजार माणसांचं सामाईक कुरण असेल तर जो तो ओझं दुसऱ्यावर टाकायला बघेल. पुढे १९६५ साली मॅन्कर ओल्सन ह्या अर्थशास्त्रज्ञाने ह्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. गट जितका मोठा, तितका अंग चोरणारा लपतो, हे त्याचं सार.

इंग्रजीत अशा माणसाला 'फ्री रायडर' म्हणतात. आपल्याला शब्द शोधत बसायला नको. रेल्वेने तो केव्हाच दिलाय : फुकटा प्रवासी. लोकलच्या स्टेशनात फाटक अडवत नाही, डब्यात चढताना कोणी विचारत नाही. तिकीट काढणारे आहेत म्हणून गाडी चालते आणि न काढणाराही त्याच गाडीने घरी पोचतो.

दोन प्रश्न

आता वस्तूंची थोडी वर्गवारी करू. कोणतीही वस्तू समोर ठेवा आणि दोन प्रश्न विचारा. एक, मी वापरली तर दुसऱ्याला कमी पडते का? दोन, पैसे न देणाऱ्याला अडवता येतं का?

भाकरी मी खाल्ली तर तुम्हाला उरत नाही, आणि दुकानदार मला अडवू शकतो. सोपा मामला. देवळापुढच्या दीपमाळेचं उलट. तेल कोणा एकाने घातलं, उजेड सगळ्या वाटसरूंना. मी त्या उजेडात चाललो म्हणून तुमच्या वाटेवर अंधार होत नाही, आणि मला अडवायचं म्हटलं तरी अडवता येत नाही. विहिरीचं पाणी तिसऱ्या तऱ्हेचं. अडवणं कठीण, पण उपसलं की कमी होतं.

टीव्ही ह्यात कुठे बसतो? गंमत अशी की टीव्हीने आपल्या डोळ्यांदेखत जात बदलली. दूरदर्शनचा अँटेना आठवा. गच्चीवर लावला, वळवला, चित्र आलं. ती दीपमाळ होती. सह्याद्री वाहिनी मी पाहिली म्हणून तुमच्याकडची मुंग्यामुंग्यांची चित्रं वाढत नव्हती. मग १९९१च्या आखाती युद्धाच्या सुमारास केबल आली, १९९२ साली झी टीव्ही सुरू झाला, आणि गल्लोगल्ली गच्चीवर डिश आणि खाली काळ्या तारांचं जाळं दिसू लागलं. १९९५ साली केबलचा कायदा झाला. पुढे सेट टॉप बॉक्स आला. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही जुन्या ॲनालॉग केबलची शेवटची तारीख ठरली. बॉक्स म्हणजे दीपमाळेला बसवलेलं कुलूप. उजेड तोच, वापरल्याने न संपणारा, पण आता पैसे न देणाऱ्याला अडवता येतं.

कुलूप नसताना जो फुकट बघतो तो फुकटा. कुलूप असताना ते उघडून जो बघतो, त्याला चोर म्हणावं की नाही? इथे माणसं अडखळतात, आणि आम्हीही अडखळलो होतो. आमची गोष्ट सांगतो.

आमच्या घरची तार

नव्वदच्या दशकात आम्ही ज्या इमारतीत राहत होतो तिथे एका मजल्यावर तीन बिऱ्हाडं होती आणि केबलचं कनेक्शन एक. शेजाऱ्यांनी जोडणी फोडून दोन तारा काढल्या, एक आमच्याकडे आली. पैसे एकटे ते भरत. दिवसा आम्ही वर्गात कांट शिकवत होतो. ज्या नियमाने तुम्ही वागता तो सर्वांचा नियम व्हावा असं तुम्हाला म्हणता येईल का, हे मुलांना विचारत होतो. रात्री जेवताना त्या तारेवर बातम्या बघत होतो. वर्षभर ह्यात काही विसंगत आहे असं वाटलं नाही.

मग एकदा वसुलीला येणाऱ्या केबलवाल्याला आमच्या सौभाग्यवतींनीच सांगून टाकलं. तो रागावला नाही. हसला आणि म्हणाला, "राहू द्या ताई. मी तरी वर खरा आकडा कुठे सांगतो?" शंभर घरं असली की तो चॅनेलवाल्यांना वीस-पंचवीस दाखवत होता. तो एकटाच नव्हता. ॲनालॉगच्या काळात घरांचा आकडा लपवणं हा त्या सगळ्या धंद्याचा उघड आजार होता, आणि बॉक्स सक्तीचा करण्यामागचं ते एक मोठं कारण होतं. म्हणजे साखळी बघा. आम्ही शेजाऱ्यांच्या जिवावर, केबलवाला चॅनेलच्या जिवावर. प्रत्येकाचं समर्थन एकच : वरचा माझ्यापेक्षा जास्त खातो. वरचा खातही असेल. पण त्याचा भुर्दंड वरच्यावर पडला का? आमच्या मजल्यावर तो पडला पैसे भरणाऱ्या शेजाऱ्यांवर. पुढच्या महिन्यापासून आम्ही स्वतंत्र कनेक्शन घेतलं. ह्यात मोठेपणा काही नाही, उशीरच झाला होता.

कोणाचं काय जातं?

आता मूळ प्रश्नाला सरळ भिडू. कारण त्या प्रश्नात थोडं तथ्य आहे, आणि ते आधी मान्य करायला हवं.

पॉल सॅम्युएल्सन हे विसाव्या शतकातले फार मोठे अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी १९५८ साली नेमकं टीव्हीचंच उदाहरण घेतलं. ते म्हणाले, कुलूप बसवता येतं एवढ्यावरून कुलूप बसवणं शहाणपणाचं ठरत नाही. एका जास्त प्रेक्षकाने पाहिल्याने कोणाचा एक पैसा खर्च होत नसेल, तर त्याला दाराबाहेर ठेवून काय मिळवलं? त्याचा आनंद तेवढा बुडाला. १९६४ साली जोरा मिनासियन ह्यांनी उलट प्रश्न केला. पैसे द्यायचेच नसतील तर लोकांना कोणता कार्यक्रम हवा आहे हे कळणार कसं, आणि तो काढणार कोण? पहिल्याने वाढलेल्या ताटाचा विचार केला, दुसऱ्याने उद्याच्या स्वयंपाकाचा. आम्हाला वाटतं, दोघेही आपापल्या जागी खरे आहेत. पण "कोणाचं काय जातं" म्हणणारा फक्त आजचं ताट बघतो.

एक साधं गणित करू. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. गावात शंभर घरं, जाळ्याचा महिन्याचा खर्च वीस हजार, म्हणजे घरटी दोनशे रुपये. वीस घरं निसटली. खर्च तेवढाच, उरलेल्या ऐंशी घरांवर अडीचशे. आता अडीचशे ज्यांना जड वाटतात अशी आणखी तीस घरं निसटली. पन्नास घरांवर चारशे. प्रत्येक निसटणारा खरं बोलतो की माझ्या एकट्याने काही फरक पडत नाही. तरी दोनशेचे चारशे झाले, आणि ते शेवटी कोणी भरले? ज्याने तार तोडली नाही त्याने.

आता आणखी एक शंका. मी न मागता मला मिळालं, तर माझ्यावर देणं लागतं का? हार्ट ह्या कायद्याच्या तत्त्वज्ञाने १९५५ साली म्हटलं की काही माणसं नियम पाळून, स्वतःला मुरड घालून एखादी व्यवस्था चालवत असतील, तर तिचा लाभ घेणाऱ्यानेही आपल्या पाळीला तशी मुरड घातली पाहिजे. १९७४ साली रॉबर्ट नोझिकने ह्याला आव्हान दिलं. तो म्हणाला, समजा वस्तीतल्या लोकांनी कर्णा लावला. रोज एकाने गाणी लावायची, गोष्टी सांगायच्या. तुम्ही खिडकीत बसून कधी कधी हसलात. म्हणून तुमची पाळी आली की दिवसभर राबणं तुमच्यावर बंधनकारक झालं का? नोझिक म्हणतो, नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर गणपतीच्या मांडवाशेजारी राहणाऱ्या कोणालाही नोझिकचं म्हणणं पटकन पटेल. आवाज आमच्या घरात आला, आम्ही आणला नव्हता.

पण नोझिकच्या कर्ण्यानेच केबलचोराचा बचाव कोसळतो, हे लक्षात घ्या. कर्ण्याचा आवाज आपणहून येतो. कुलूपबंद चित्र आपणहून येत नाही. त्यासाठी जोडणी फोडावी लागते, दुसऱ्याचं कार्ड वापरावं लागतं, चोरून दाखवणारी लिंक शोधावी लागते. हात पुढे करावा लागतो. मिळणं आणि घेणं ह्यांत तो हात आहे. कायदाही इथेच रेघ ओढतो. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रसारण करणाऱ्याला त्याच्या प्रसारणावर २५ वर्षं वेगळा हक्क दिला आहे. कोणी सहज पाहिलं ह्याबद्दल तो बोलत नाही. परवानगीशिवाय पुन्हा प्रसारित करणं, पैसे घेऊन लोकांना दाखवणं, ह्याबद्दल बोलतो.

भिवंडीचा आकडा

टीव्हीच्या चोरीत निदान चित्र कमी होत नाही. विजेचं तसं नाही. आणि विजेबद्दल बोलायचं तर भिवंडी तालुक्यात उभं राहून दुसरं उदाहरण घ्यायचं कारण नाही.

लाखो यंत्रमागांचं हे गाव. दोन हजारच्या दशकात इथली अवस्था अशी होती की आत येणाऱ्या विजेपैकी सुमारे ५८ टक्के विजेचे पैसेच येत नव्हते. काही तारांत जिरायची, बरीचशी आकडे टाकून जायची, काहींची बिलं थकायची. शंभर युनिट आत, मोबदला बेचाळीसचा. महावितरणने शेवटी वितरण खाजगी कंपनीकडे सोपवलं. २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवरने काम हाती घेतलं. फ्रँचायझीचा देशातला हा पहिला मोठा प्रयोग. मीटर बदलले, तारा बदलल्या, ट्रान्सफॉर्मर बदलले, छापे पडले. काही वर्षांत ती गळती २० टक्क्यांच्या आसपास आली.

ह्यावरून काय शिकायचं? "दंडुका दाखवला की लोक सुधारतात," असं म्हणून मोकळं होता येईल. पण माणसांचा स्वभाव तीन-चार वर्षांत बदलत नाही. मग बदललं काय? आम्हाला वाटतं, दोन गोष्टी बदलल्या. आकडा टाकणारा दिसू लागला, आणि पैसे भरणाऱ्याला त्या बदल्यात काहीतरी मिळू लागलं. आधी जो इमानदारीने बिल भरायचा त्याचाही माग अंधारात बंदच. राज्यात तेव्हा गळती आणि वसुली बघून फीडरचे गट पाडलेले होते. जिथे गळती जास्त तिथे भारनियमन जास्त. हिशेबाला ते बरोबर होतं. पण त्या फीडरवरच्या एका प्रामाणिक घराचा विचार करा. बिलही भरायचं आणि शेजाऱ्याच्या आकड्यापायी अंधारातही बसायचं. अशा माणसाला आपण प्रामाणिक म्हणायचं की भोळा? ज्या गावात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जाऊ लागतात, तिथे विजेपेक्षा मोठं काही गळू लागलेलं असतं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या बदलानंतर भिवंडीत वाढीव बिलांच्या, दंडाच्या तक्रारी झाल्या, आंदोलनं झाली. ते सगळे चोर होते म्हणून ओरडले, असं म्हणणं अन्यायाचं होईल. कुलूप लावणाऱ्यालाही प्रश्न विचारता आले पाहिजेत.

खुलभर दूध

इथे आपल्याकडची दुसरी एक गोष्ट आठवते, श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी. राजाच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. हुकूम सुटला, घरचं सगळं दूध देवळात. लोकांनी भीतीने वासरांना पाजलं नाही, मुलांना दिलं नाही, सगळं दूध नेऊन ओतलं. गाभारा भरेना. मग एक म्हातारी आली. तिने घरच्या लेकरांना दिलं, वासरांना पाजलं, आणि उरलेलं खुलभर दूध मनोभावे वाहिलं. गाभारा भरला.

बिरबलाचा हौद आणि हा गाभारा शेजारी ठेवून बघा. हौदात कोणी काही दिलं नाही म्हणून तो भरला नाही. गाभाऱ्यात सगळ्यांनी सगळं दिलं, तरी भरला नाही, कारण मागणंच अन्यायाचं होतं. म्हणजे फुकटेपणाचा दोष नेहमी खालीच शोधू नये. मागणाऱ्याने वासराच्या तोंडचं मागितलं का, हेही बघावं.

सुरुवातीला ज्या तरुण मित्राचा उल्लेख केला, त्याचा खरा प्रश्न हाच होता. "ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने क्रिकेट बघायचंच नाही का?" आमचं उत्तर असं : बघावं. पण त्यासाठी चोरी हा एकच रस्ता आहे असं समजू नये. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्याच एका खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००७ साली कायदा झाला की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खाजगी वाहिनीने प्रसार भारतीलाही द्यायचं. दूरदर्शनची फुकट डिश सेवा २००४ सालापासून आहे. एकदा डिश आणि बॉक्स घ्या, महिन्याचं भाडं नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून दरांची नवी पद्धत आली. तेव्हा शंभर वाहिन्यांसाठी जाळ्याचं शुल्क कर सोडून जास्तीत जास्त १३० रुपये ठरलं होतं, आणि सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी छापलेली होती. त्यावरही वाद झाले. पण आपण कशाचे पैसे देतो हे सामान्य प्रेक्षकाला दिसू लागलं, हे महत्त्वाचं. काही दिव्यांना कुलूप असावं आणि काही दिवे सगळ्यांसाठी उघडे असावेत. कोणते उघडे, हे चर्चेने आणि कायद्याने ठरवावं. रात्री तार जोडून ठरवलं की ते फक्त तार जोडणाऱ्याच्या घरापुरतं ठरतं, शेजारचं गरीब घर होतं तिथेच राहतं.

भरवसा

मग कुलूप, दंड आणि कायदा, एवढंच हातात आहे का? एलिनॉर ऑस्ट्रम ह्या विदुषींनी आयुष्यभर हाच प्रश्न धरला. कुरणं, पाट, मासेमारीची गावं त्यांनी तपासली. १९९० साली त्यांचं पुस्तक आलं, २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की माणसं फुकटीच असतात हे खरं नाही. बरीच माणसं अटीवर चांगली असतात. दुसराही आपला वाटा देतो आहे असं दिसलं, नियम करण्यात स्वतःचा हात असला, चुकणाऱ्याला आधी हलकी आणि मग कडक शिक्षा असली, तर माणसं वर्षानुवर्षं सामाईक गोष्टी सांभाळतात.

हे आपल्याला परकं नाही. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत शेकडो वर्षांची. पाणी पाळीने द्यायचं, आणि ते काम गावाने नेमलेल्या माणसांकडे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने ठरवलं की शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, पाणी पिणारा ऊस लावायचा नाही. जमिनीखालचं पाणी कोण किती उपसतो हे कुलूप लावून अडवता येत नाही. तिथे ग्रामसभा कुलपाचं काम करते. शेजारी पाळतो म्हणून मी पाळतो, आणि मी पाळतो हे शेजाऱ्याला दिसतं.

म्हणून पुढच्या वेळी फुकट काही समोर आलं, सिनेमाची चोरलेली प्रत असो, मित्राच्या मित्राचा पासवर्ड असो, विजेचा आकडा असो, तर स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. हे मला मिळालं की मी हात पुढे करून घेतलं? माझ्या वाट्याचं ओझं नेमकं कोण उचलतोय, आणि त्याच्या तोंडावर मला हे सांगता येईल का? मागणारा जास्त मागत असेल, तर मी ते उघडपणे बोललो का, की गुपचूप वाटा काढून घेतला?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं नीट देता आली तर खुशाल घ्या. कुंडाचं ऊन पाणी घ्याच. फक्त साबणाची वडी काठावर ठेवा.